सोळा कार्बनांचा समोसा

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात ज्ञान तिसऱ्या मजल्यावर मिळतं आणि चरबी फुटपाथवर. वस्तीचं पूर्ण नाव फक्त सरकारी कागदावर. एरवी सगळं गाव ‘एमपी नगर’ म्हणतं आणि पुढे ‘झोन वन की झोन टू’ एवढंच विचारतं. दोन्ही झोनमध्ये इमारतीची भिंत दिसेल तर शपथ. नीट, जेईई, सीए, बँक, पटवारी अशा पाट्या एकीवर एक चढलेल्या, आणि त्यांवर गेल्या साली पास झालेल्या मुलांचे फोटो. विदिशा, सीहोर, रायसेन, बैतूल, छिंदवाडा अशा गावांहून आलेली पोरं पाठीवर दप्तर लावून दिवसभर जिने चढतात-उतरतात. संध्याकाळची बॅच सुटली की शे-दीडशे मुलं एकदम खाली येतात आणि खाली कढई तापलेलीच असते. कढईवाल्याला सगळ्या क्लासांची वेळापत्रकं पाठ. चाचणी परीक्षा कधी आहे हे पालकांना माहीत नसेल, त्याला असतं. त्या दिवशी तो घाणे वाढवतो. पेपर अवघड गेला की पोरं आलूबडा मागतात, सोपा गेला की जिलबी. त्याच्या गल्ल्यावरून नीटचा कटऑफ सांगता येईल, असं माझं मत आहे.

आमचा भाचा पांढुर्ण्याहून इथे नीटच्या तयारीला आला आहे. पांढुर्णा म्हणजे गोटमारीचं, दगडफेकीच्या जत्रेचं गाव. मध्य प्रदेशात असलं तरी बोली वऱ्हाडी आणि ओढा नागपूरकडे. मग नागपूर सोडून पोराला भोपाळला का धाडलं? तर भोपाळला मामा आहे. क्लासचे निकाल, फी, शिक्षक, हॉस्टेल या सगळ्याचा कीस काढून झाला की मराठी माणूस शेवटी मामा कुठे राहतो ते बघतो. तसे आमचे वाडवडीलही नागपूरचेच. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कारकून फायलींसकट इकडे हलले. फायलींबरोबर जवसाची चटणीही आली. ती फायलींपेक्षा जास्त टिकली.

तर भाचा. अकरावीच्या जीवशास्त्रात जैविक रेणूंचा धडा आहे आणि त्यात मेदाम्लं आहेत. तो जेवताना ती म्हणतो, पूर्वी मुलं परवचा म्हणायची त्या चालीवर. “पामिटिक आम्ल, सोळा कार्बन, कार्बॉक्सिलचा धरून. अरॅकिडॉनिक आम्ल, वीस कार्बन, कार्बॉक्सिलचा धरून. दुहेरी बंध नसेल तर संपृक्त, एक किंवा जास्त असतील तर असंपृक्त.” हिला कौतुक वाटतं. मलाही वाटलं असतं, पण त्याच संध्याकाळी मी त्याला झोन टूमध्ये समोसा खाताना गाठलं होतं.

“कशात तळलाय हा?” मी विचारलं.

“तेलात, मामा.”

“कोणत्या?”

त्याने कढईकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाला, “गरम.”

ज्या पामिटिक आम्लाचे सोळा कार्बन तो झोपेतही मोजतो, त्याला ते नावच पाम तेलावरून मिळालं आहे. पाम तेलात ते चाळीस टक्क्यांच्या वर असतं, आणि स्वस्त म्हणून तळणीत, बिस्किटांत, फरसाणात पाम तेलच सगळीकडे. म्हणजे पोरगं पाठ केलेला प्रश्न हातात धरून चटणीत बुडवत होतं. पण दोष त्याचा नाही. नीटमध्ये उत्तर बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. ठेल्यावर चुकीच्या उत्तराचा गुण तिथल्या तिथे कापत नाहीत. तो हिशेब चाळिशीनंतर हृदयविकारतज्ज्ञ काढतात, आणि त्यात एकेक गुण कापायची पद्धत नाही.

मी कढईवाल्याला विचारलं, “भैया, तेल कब बदलते हो?”

“बदलते कहाँ हैं साहब,” तो अगदी सरळपणे म्हणाला, “बढ़ाते हैं।”

एवढ्या प्रांजळ माणसाशी काय भांडणार? देशाचा नियम असा की तळून तळून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यातून बाद. हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. बाद झालेल्या तेलाचं बायोडिझेल करायची सरकारी योजनाही आहे. परंतु आमच्या ठेल्यावरचं तेल बाद व्हायला कधी पुरतंच नाही. रोज थोडं समोशात जातं, तेवढं नवं वरून पडतं. त्या कढईच्या तळाशी संस्थापकाच्या काळातला एखादा थेंब नक्की असणार.

आता जरा कागदाकडे वळू. झोन वनमध्ये प्रेस कॉम्प्लेक्स आहे, तिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत. सकाळी तिथून निघालेली बातमी संध्याकाळी समोशाखाली येते. अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगून थकलं की छापील कागदात खायचं बांधू नका, शाई पोटात जाते. पण मी त्या कागदाकडे दुसऱ्याच नजरेने पाहत होतो. सहावीच्या विज्ञानात एक प्रयोग असतो: पदार्थ कागदात दाबायचा, कागद वाळवायचा आणि उजेडात धरायचा. डाग अर्धपारदर्शक राहिला तर पदार्थात चरबी आहे. एमपी नगरात हा प्रयोग रोज संध्याकाळी हजारो विद्यार्थी करतात, फक्त निरीक्षण नोंदवत नाहीत. भाच्याने समोसा उचलला तेव्हा पहिल्या पानावरच्या एका मंत्रिमहोदयांच्या छातीतून दुसऱ्या पानावरची टॉपरची जाहिरात लख्ख दिसत होती. कारभारात पारदर्शकता आणतो म्हणून ते जे आयुष्यभर बोलले, ते आठ रुपयांच्या समोशाने करून दाखवलं.

मला राहवेना. घरी कोरे कागद घेतले, भाच्याला आणि त्याच्या हॉस्टेलवाल्या दोन मित्रांना बसवलं. समोशाचा तुकडा, पोहे, पोह्यांवरची शेव (भोपाळात शेवेविना पोहे म्हणजे टोपीविना हवालदार), एक क्रीमचं बिस्किट आणि चार शेंगदाणे कुटून. सगळं दाबलं आणि कागद पंख्याखाली वाळत घातले.

समोशाने अपेक्षेप्रमाणे नाव राखलं. पोह्यांचा डाग बराचसा वाळून गेला, पाणीच जास्त होतं. शेवेचा मात्र ठसठशीत राहिला, आणि पोहे ‘लाइट’ म्हणून खाणाऱ्या मित्राचा चेहरा उतरला. खरी मजा बिस्किटाची. हाताला कोरडं, दिसायला सभ्य, आईने दप्तरात दिलेलं. त्याचा कागद उजेडात धरला तर पलीकडची ट्यूबलाइट दिसली. पोरं गंभीर झाली. तळलेल्याला सगळेच नावं ठेवतात, पण बिस्किटात चरबी लपून बसते हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मग शेंगदाण्याचा कागद आला. सगळ्यांत मोठा डाग त्याचा! शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, होणारच.

“म्हणजे शेंगदाणे बंद?” भाच्याने विचारलं. आवाजात आशा होती, कारण ताई पांढुर्ण्याहून दर महिन्याला दोन किलो पाठवते.

इथेच सगळ्या शिकवणीची गाडी अडते. कागद सांगतो चरबी आहे. कोणती आहे ते सांगत नाही. शेंगदाण्यातली बहुतेक चरबी असंपृक्त, बरोबर प्रथिनं आणि चोथा. बिस्किटातली बहुधा पाम तेलाची, बरोबर मैदा आणि साखर. डाग दोघांचे एकाच जातीचे. शाळेत मुलांना डाग शिकवतात, घरी डागाची भीती शिकवतात, आणि क्लासमध्ये डागातले कार्बन मोजायला लावतात. या डागांपैकी कोणता खायचा, हा प्रश्न कुठल्याच परीक्षेला येत नाही.

सरकार मात्र गप्प बसलेलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये खाद्यतेल दहा टक्के कमी खा असं सांगितलं आणि त्यासाठी नंतर दहा नामवंतांची नावंही जाहीर केली. मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, जुलैत तेलाचे. मधल्या काळात नागपूरच्या एम्सवरून देशभर बातमी उठली की समोसा, जिलबी आणि वडापाव यांच्याशेजारी आता सिगारेटसारखा इशारा लागणार. बातमी खाणाऱ्यांच्या वर्मी लागली. एमपी नगरात त्या आठवड्यात नीटपेक्षा जास्त चर्चा समोशाची होती. अखेर केंद्राला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे लावायला कुणीही सांगितलेलं नाही, कचेऱ्यांमध्ये तेल-साखरेची सर्वसाधारण माहिती लावावी एवढंच म्हटलं आहे. देशाचा जीव भांड्यात पडला. भांडं अर्थात कढईच होतं.

फलकाला माझा विरोध नाही. मुलं वाचतातही. शेजारच्या आठवीतल्या मुलाने शाळेतला तेलाचा फलक वाचून घरी येऊन सांगितलं की कुठल्या पदार्थात किती तेल असतं ते आता त्याला कळतं, आणि त्यामुळे पैसा वसूल कशात होतो तेही कळतं. नियमही कडक आहेत. 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत अतितेलकट, अतिगोड, अतिखारट पदार्थ विकायला बंदी. सरकारी शाळेतल्या मध्यान्ह भोजनात तर तेल मोजून: प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 5 ग्रॅम, वरच्या वर्गाला साडेसात. अर्ध्या ग्रॅमपर्यंत काळजी! पण एमपी नगरातल्या पोराची शाळा बहुतेक कागदावर असते आणि तो असतो क्लासमध्ये. क्लासला फाटक नसतं, जिना असतो. जिन्यापासून 50 मीटर मोजायचं कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून कढई मी पावलांनी मोजली. चार पावलं.

मुलांना शिकवायला आपण मोठे तरी कुठे एका मतावर आहोत? आमच्या आजीच्या लेखी तूप म्हणजे साक्षात लक्ष्मी. 1937 साली डालडा आलं आणि लक्ष्मीला सवत मिळाली. ते तुपात मिसळून विकणारे इतके बोकाळले की वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तीळतेल घालणं कायद्याने सक्तीचं झालं. कारण तीळतेल असलं की रसायनशाळेतल्या चाचणीत लाल रंग येतो आणि भेसळ पकडता येते. म्हणजे बिचाऱ्या तिळाला पोलिसाची नोकरी लागली. आजी गेली, आई आली. आईला डॉक्टरांनी सांगितलं तूप बंद, करडईचं तेल खा. मग रिफाइंड आलं. मग डब्यावर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ची चिठ्ठी आली. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच, पण चिठ्ठी बघून आम्ही दहा रुपये जास्त मोजले. पुढे डालड्याच्या ट्रान्स चरबीचा बभ्रा झाला आणि 2022 पासून तेला-तुपांत तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आली. आता भाच्याचा एक मित्र जिममध्ये जातो आणि सकाळी काळ्या कॉफीत चमचाभर तूप घालून पितो. आजीने हे पाहिलं असतं तर तुपाबद्दल नव्हे, कॉफीबद्दल रडली असती.

मध्य प्रदेश म्हणजे सोयाबीनचं राज्य. इंदूरला 1987 पासून सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, इथे भोपाळातही नबीबागच्या कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोया दूध, सोया पनीर यांवर काम चालतं. इकडे घरोघरी सोयाबीनचंच तेल, आणि त्यात थोडं ओमेगा-3 आपसूक असतं. ही बातमी मी घरात सांगितली तेव्हा हिने मागवलेल्या परदेशी ऑलिव्ह तेलाच्या बाटलीकडे कुणीही पाहिलं नाही. ती बाटली पाहुणे आले की ओट्यावर येते.

समोसेवाल्यांच्या उलट टोकाला वरच्या मजल्यावरची मुलगी आहे. जेईईची तयारी करते. तिने कुठलीशी रील बघून तेल पूर्ण सोडलं. सगळं उकडून, वर लिंबू. तिची आई सोसायटीभर कौतुक सांगते. ही मुलगी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात हे तुम्हाला एका दमात सांगेल. आणि ते सांगताना उकडलेलं गाजर खात असेल, ज्यातलं अ जीवनसत्त्वाचं कच्चं द्रव्य चरबीच्या चमच्याशिवाय अंगी नीट लागत नाही. आमच्या आजीला जीवनसत्त्वं ठाऊक नव्हती, पण तिने गाजराची कोशिंबीर फोडणीशिवाय कधी पानात वाढली नाही. मी त्या मुलीला म्हटलं, “बेटा, मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्यात निम्म्याहून जास्त चरबीच असते. जेईई तिच्याच भरवशावर द्यायची आहे.” ती म्हणाली, “अंकल, तो बायोलॉजीचा भाग झाला, मला मॅथ्स आहे.”

घरात फलक लावायचा असं हिने ठरवलं. फ्रिजवर कागद चिकटवला आणि आकड्यांचं काम भाच्याला दिलं. त्याने आयसीएमआरचा 2010 चा तक्ता शोधला. त्यात वरून घ्यायच्या तेला-तुपाचं दिवसाचं प्रमाण असं: बैठं काम करणारा पुरुष 25 ग्रॅम, बाई 20, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा 50. भाच्याने हे तीनदा मोठ्याने वाचलं. वाढत्या मुलाला मामाच्या दुप्पट! त्याने लगेच गुणाकार केला. तिघांचे मिळून दिवसाचे 95 ग्रॅम, महिन्याचे 2850, म्हणजे तीन लिटर आणि वर वाटीभर.

“आपल्याकडे तर पाच लिटरचा कॅन जातो,” ही म्हणाली.

“त्यात माझा वाटा अर्ध्याहून जास्त, मामी,” भाचा म्हणाला. “आणि मी रोज दोन समोसे बाहेर खातो. म्हणजे तेवढं तुमचं तेल वाचवतो.”

हा मुलगा डॉक्टर न होता आयकर सल्लागार झाला तर देशाचं जास्त भलं होईल. हिने त्याला शांतपणे समजावलं की तक्त्यातले 50 ग्रॅम हे ताज्या तेलाचे, त्यात पहिल्या घाण्याचं आणि चौदाव्या घाण्याचं तेल एका मापाने मोजत नाहीत, शिवाय बिस्किटातलं आणि शेवेतलंही त्यातच धरायचं. त्याने ते फलकावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो समोसा एकच खातो. दुसऱ्याच्या जागी काय खातो हे विचारायचं धैर्य मला झालेलं नाही.

राहिली जवसाची चटणी. ताई दर खेपेला एक बरणी पाठवते. कुणीतरी ओळखीचा पांढुर्ण्याहून गाडीत बसतो आणि राणी कमलापती स्टेशनवर मला उतरवून घ्यावी लागते. भाचा तिला हात लावत नसे. काळपट दिसते, दातात अडकते, ‘गावाकडचं’. महिनाभर बरणी फ्रिजच्या दारात उभी होती. मग एका रविवारी त्याचे मित्र आले, तेव्हा मी मुद्दाम चटणी काढली आणि सहज म्हटलं, “हिला हात लावू नका, महाग आहे. ओमेगा-3 आहे त्यात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त तेच असतं.” पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ओमेगा-3 त्यांनी औषधाच्या दुकानात कॅप्सूलच्या बाटलीवर पाहिलं होतं, किमतीसकट. पंधरा मिनिटांत बरणी चाटूनपुसून साफ. एकाने भाकरी मागितली. जिमवाल्याने उरलेला चुरा कागदात बांधून घेतला. कोऱ्या कागदात, एवढं शिक्षण झालं होतं.

रात्री ताईचा फोन आला.

“चटणी संपली? एवढ्यात? काऊन रे, घरी तर तो बोट लावत नव्हता!”

मी ओमेगाची हकिगत सांगितली. ताई थोडा वेळ गप्प राहिली.

“बरं, आता जवस संपलं. कारळ्याची पाठवते. तिच्यात काय असते?”

“ओमेगा-6,” मी म्हटलं.

“म्हणजे दुप्पट,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवून कारळे भाजायला गेली.